निंब तोडल्यावरही बांध का नांगरला?

अमळनेरच्या एका अभ्यासिकेतल्या दोन मुलांनी मला प्रश्न पाठवला आहे. दोघं राज्यसेवेची तयारी करतात, एकाच टेबलावर बसतात आणि गेला आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. कारण पुतीन. एकाचं म्हणणं, नाटो ही अमेरिका आणि तिच्या युरोपीय मित्रदेशांची लष्करी युती दारापर्यंत आली म्हणून रशियाने २०२२ साली युक्रेनवर हल्ला केला. दुसऱ्याचं म्हणणं, नाटो हा नुसता बहाणा, पुतीनला जुनं साम्राज्य परत हवंय. "काका, माणसाच्या मनातलं कोर्टात कसं ठरवतात? आणि निकाल कोणाच्या बाजूने?"

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. धुळे-जळगावच्या कोर्टांत तीस वर्षं शेतजमिनीचे दावे चालवतोय. पण माणूस शेजाऱ्याच्या हद्दीत का घुसतो, यावरच माझं घर चाललंय, त्यामुळे उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

निकाल आधी सांगतो, कारणं मागून. नाटोबद्दलची रशियाची तक्रार खोटी नव्हती. पण हल्ला त्या तक्रारीपोटी झाला, हे पुराव्यावर टिकत नाही. साम्राज्यवाला सत्याच्या जास्त जवळ आहे, पण तोही नेम धरून थोडा बाजूला मारतोय.

आधी एक घोळ मिटवू. तुम्ही दोघं 'हेतू' हा शब्द दोन अर्थांनी वापरताय. कायद्यात उद्देश वेगळा आणि हेतू वेगळा. बांध नांगरला तो जमीन घेण्यासाठी, हा उद्देश. जमीन का हवी होती, तर कर्ज होतं, की जुनं वैर, की मुलीच्या लग्नाआधी शेत मोठं दिसावं म्हणून, हा हेतू. युक्रेनची राजधानी कीव्हवर रणगाडे धाडले म्हणजे तिथलं सरकार उलथवायचा उद्देश होता, याबद्दल फार वाद नको. वाद आहे तो हेतूचा. आणि हेतू कोणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. म्हणून पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ८ मध्ये (नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६ झालंय) हेतूच्या शेजारी आणखी दोन गोष्टी बसवल्यात: पूर्वतयारी आणि आधीचं-नंतरचं वर्तन. त्यांच्या आधाराशिवाय नुसत्या हेतूच्या गप्पा म्हणजे पारावरच्या गप्पा.

वर्तनावरून हेतू कसा बाहेर येतो, त्याचा एक दावा सांगतो. पांझरेच्या काठचं शेत. माझे अशील, त्यांना आप्पा म्हणू. शेजारी भाऊबंदच. पहिल्या वर्षी शेजाऱ्याची तक्रार अशी की बांधावरच्या निंबाची सावली पडते, चार सऱ्या कपाशी उठत नाही. आप्पांनी निंब तोडला. दुसऱ्या वर्षी तक्रार पाण्याची, तुमचं पावसाचं पाणी आमच्यात उतरतं. आप्पांनी स्वतःच्या हद्दीत चारी खोदली. तिसऱ्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, घरोघर लेकी माहेराला आलेल्या, शेतात चिटपाखरू नाही, तेव्हा त्याने ट्रॅक्टर लावून बांध नांगरला. मोजणीचे दगड उपटून नाल्यात टाकले.

उलटतपासात मी त्याला विचारलं, "निंब तोडल्यावर सावलीची तक्रार राहिली का?"

"नाही."

"चारी खोदल्यावर पाण्याची?"

"नाही."

"मग बांध का नांगरला?"

पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवून तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "ती जमीन मुळात आमच्या आजोबांचीच." साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. माझ्या दृष्टीने दावा तिथेच संपला होता. तीन वर्षं सावली आणि पाणी सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी आजोबा पहिल्यांदा त्या दिवशी आले. बाहेर आल्यावर आप्पा मला अहिराणीत म्हणाले, "त्याले बांध नको शे, वकीलसाहेब. त्याले मीच नको शे."

ही माझी कसोटी. सांगितलेलं कारण दूर झाल्यावर माणूस थांबतो का?

आता युक्रेनचे कागद काढा. नाटोवाल्याचा पहिला आणि सगळ्यात वजनदार कागद एप्रिल २००८ चा. बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया एक दिवस सदस्य होतील. जर्मनी आणि फ्रान्सने नको नको म्हणत तारीख देऊ दिली नाही. म्हणजे रशियाला डिवचलं पुरेपूर आणि युक्रेनला संरक्षण दिलं शून्य. इतका वाईट मसुदा माझ्या ज्युनिअरने केला असता तर मी फाडून टाकला असता. युक्रेनचा प्रश्न रशियासाठी लाल रेषांमधली सगळ्यात लाल रेषा आहे, असं मॉस्कोतले तेव्हाचे अमेरिकी राजदूत विल्यम बर्न्स यांनी त्याच सुमारास वॉशिंग्टनला कळवलं होतं. त्याआधी, १९९७ मध्ये, जॉर्ज केनन या मुरलेल्या अमेरिकी मुत्सद्द्याने नाटोचा विस्तार ही घोडचूक ठरेल असं लिहून ठेवलं होतं. तक्रार खोटी नव्हती असं मी म्हणतो ते याच कागदांच्या जोरावर. पहिल्याने ते नीट पाठ करावेत, त्याच्या बाजूला याहून चांगलं काही नाही.

पण पुढचं पान उलटा. २०१० मध्ये रशियाकडे झुकलेले यानुकोविच युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झाले. जुलैमध्ये युक्रेनने कायदाच केला की आम्ही कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही. निंब तोडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्रिमिया द्वीपकल्पातल्या सेवास्तोपोलच्या नौदल तळाचा भाडेपट्टा रशियाला २०४२ पर्यंत वाढवून दिला होता, बदल्यात स्वस्त गॅस. चारीही खोदली. हा कायदा आणि हा पट्टा दोन्ही अमलात असताना, फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये, रशियाने क्रिमिया घेतला. गटात न जाण्याचं धोरण युक्रेनच्या संसदेने सोडलं ते डिसेंबर २०१४ मध्ये, क्रिमिया गेल्यावर. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्या करारावरून कीव्हच्या चौकात माणसं जमली, तो तर नाटोचा नव्हताच. युरोपीय संघाशी व्यापाराचा आणि सहकार्याचा करार होता.

यावर पहिला म्हणेल, यानुकोविच २२ फेब्रुवारीला पदावरून गेले, नवं सरकार पश्चिमेकडे झुकलेलं, ते पट्टा रद्द करेल ही भीती खरी होती. मुद्दा बरोबर आहे, मी तो मान्य करतो. पण पट्टा रद्द झाला नव्हता. होईल या भीतीने आधीच दगड उपटणाऱ्याला कुठलं कोर्ट मनाई हुकूम देत नाही, उलट त्याच्याविरुद्ध देतं.

आता आजोबा कधी आले ते पाहा. १२ जुलै २०२१ ला पुतीन यांनी स्वतःच्या नावाने एक लांबलचक लेख प्रसिद्ध केला. रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक, वेगळेपण बाहेरून पेरलेलं, असा त्याचा सूर. नाटो त्यात आहे, पण कोपऱ्यात. बहुतेक जागा नवव्या-दहाव्या शतकातल्या रुस या जुन्या राज्यापासून सोव्हिएत संघापर्यंतच्या इतिहासाने व्यापली आहे. २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात तेच पुन्हा: आजचा युक्रेन बोल्शेविकांनी, लेनिनने घडवला. तीन दिवसांनी, २४ फेब्रुवारीला पहाटे, सांगितलं की युक्रेनचा प्रदेश व्यापण्याचा आमचा विचार नाही. ३० सप्टेंबरला दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेर्सन हे चार प्रांत रशियात सामील केल्याचं क्रेमलिनमध्ये समारंभ करून जाहीर केलं. झापोरिझ्झिया शहर तर रशियाच्या ताब्यात आलेलंच नव्हतं. खेर्सन शहर ११ नोव्हेंबरला युक्रेनने परत घेतलं, म्हणजे सामील केल्यावर बरोबर सहा आठवड्यांनी. ताबा नसलेल्या जमिनीचा सातबारा आपल्या नावावर करून घेणारी माणसं मी पाहिलीत, पण असा फेरफार पहिल्यांदाच पाहिला.

मधल्या जून महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. रशियाचा झार पीटर द ग्रेट याच्या जन्माला ३५० वर्षं झाली म्हणून तरुणांसमोर बोलताना पुतीन म्हणाले की पीटरने स्वीडनकडून काही हिसकावलं नाही, तो परत घेत होता आणि मजबूत करत होता; आमच्याही वाट्याला तेच आलंय. विचारलं नसताना साक्षीदार असं बोलला, तर वकील पुढचा प्रश्न विचारत नाही. खाली बसतो.

दुसऱ्याला आता फार आनंद झाला असेल, म्हणून त्याच्याकडे वळतो. जुनं साम्राज्य हवं असतं तर फिनलंडचं काय? १८०९ पासून १९१७ पर्यंत फिनलंड झारच्या साम्राज्यात होता. ४ एप्रिल २०२३ ला तो नाटोत गेला. रशियाशी त्याची सीमा सुमारे १,३४० किलोमीटर, म्हणजे नाटो आणि रशिया यांची जमिनीवरची हद्द एका सहीने दुपटीहून लांब झाली. पुतीन काय म्हणाले होते? फिनलंड-स्वीडनला जायचं तर जाऊ दे, युक्रेनसारख्या अडचणी आम्हाला त्यांच्याशी नाहीत. तिथे सैन्य आणि यंत्रणा आणल्या तर मात्र उत्तर देऊ. हे एकच वाक्य तुम्हा दोघांनाही जड जातं. नाटोच्या हद्दीची इतकी धास्ती होती, तर फिनलंडबद्दल एवढी शांतता कशी? आणि झारचं सगळं साम्राज्य हवं होतं, तरी फिनलंडबद्दल एवढी शांतता कशी?

दोन्ही बाजू वजा केल्यावर जे उरतं ते मला खरं वाटतं. सगळी जुनी जमीन नकोय. युक्रेन नावाचं वेगळं, आपल्या मर्जीने चालणारं राष्ट्र असूच नये, ही गोष्ट आहे. आप्पांचं वाक्य तेच होतं.

सैन्याच्या आकड्याचा मुद्दा नाटोवाले नेहमी काढतात, आणि तो हुशारीचा आहे. जॉन मिअर्शायमर हे अमेरिकी प्राध्यापक, ज्यांनी २०१४ पासून या संकटाचा दोष पश्चिमेवर टाकलाय, ते विचारतात की चार कोटींचा देश गिळायला दोन लाखांच्या आतबाहेरचं सैन्य कोण पाठवतं? म्हणजे गिळायचा विचार नव्हताच. मी याला पूर्वतयारीचा पुरावा म्हणून वाचतो, आणि वेगळा वाचतो. बांध नांगरायला एक ट्रॅक्टर आणि दोन पोरं घेऊन येणारा माणूस कमी जमिनीच्या लोभाने आलेला नसतो. आप्पा घराबाहेर येणार नाहीत अशी त्याची खात्री असते. आखाजीचा दिवस त्याने त्यासाठीच धरलेला असतो. पहिल्याच दिवशी कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरने सैनिक उतरवणं हे राजधानी दोन-तीन दिवसांत पडेल असं मानणाऱ्याचं काम आहे. २६ फेब्रुवारीला सकाळी रशियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने एक लेख चढवला आणि थोड्याच वेळात उतरवला. युक्रेन परत आला, युक्रेनचा प्रश्न भावी पिढ्यांवर न सोडता पुतीन यांनी सोडवला, असा विजयाचा मजकूर. निकाल लागण्याआधीच पेढे वाटून झाले होते. तो लेख पुतीन यांचा नाही, त्यामुळे त्याला मी पूर्ण पुरावा धरणार नाही. पण पेढे कशाचे होते ते त्यावर लिहिलं होतं, आणि त्यात नाटोला थोपवल्याचा आनंद मागच्या रांगेत होता.

मार्च २०२२ च्या इस्तंबूल बोलण्यांत युक्रेनने तटस्थ राहायची तयारी दाखवली होती, बदल्यात सुरक्षेची हमी. ती बोलणी का मोडली याच्या दोन्ही पक्षांनी वेगवेगळ्या प्रती दाखल केल्यात. ज्याला जी सोयीची ती तो फडकावतो. मी माझा युक्तिवाद त्यावर उभा करत नाही, तुम्हीही करू नका.

आपल्याकडचे लोक नाटोच्या कारणाकडे चटकन का झुकतात, तेही बोलायला हवं. रशियाबद्दल आपल्या मनात ओलावा आहे. १९७१ चा मैत्री करार, सुरक्षा परिषदेतले नकाराधिकार, भिलाईचा पोलाद कारखाना. आमच्या पिढीच्या घरात स्वस्त सोव्हिएत पुस्तकं असायची. मात्र तो सोव्हिएत संघ होता आणि युक्रेन त्यातच होता, हे आपण सोयीने विसरतो. शिवाय अमेरिका कोणावर आरोप करते तेव्हा आपल्याला २००३ आठवतं, आणि आठवायलाच हवं. तिथेही हीच कसोटी लावा. इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत हे कारण होतं. संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखाली इराकमध्ये शोधत होते, साठे सापडत नव्हते, ते आणखी काही महिने मागत होते. त्यांना बाहेर काढून मार्चमध्ये हल्ला झाला. निंब तोडलाय का ते बघायला गेलेल्या माणसाला बांधावरून हाकललं. बुश यांना जी कसोटी, तीच पुतीन यांना.

आणि आजोबा प्रत्येक वेळी खरे नसतात, हेही लक्षात ठेवा. २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेन यांनी कुवेत घेतला तेव्हा आधी सांगितलं, तिथल्या क्रांतिकारकांनी बोलावलं. आठवडाभरात विलीनीकरण, महिनाअखेरीला कुवेत इराकचा एकोणिसावा प्रांत. इराकचा तो दावा जुना होता, १९६१ मध्येही झाला होता. पण १९९० मध्ये सद्दामची मान आवळत होतं ते इराणशी आठ वर्षं लढून झालेलं कर्ज आणि उतरलेला तेलाचा भाव. तिथे वंशावळ ताबा घेतल्यावर दाखवली, युक्रेनमध्ये हल्ल्याच्या सात महिने आधी. क्रमावर लक्ष ठेवायचं ते यासाठी.

आपल्या खानदेशातलाच एक जुना खटला आहे. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर ओलांडलं की असीरगड दिसतो. १६०० मध्ये अकबराने त्याला वेढा घातला. कारण काय? खानदेशाचा सुलतान राजा अलीखान फारुकी मुघलांच्या बाजूने लढताना १५९७ मध्ये पडला, आणि गादीवर आलेला त्याचा मुलगा बहादूर अकबराच्या मुलाला, शहजादा दानियालला, मुजरा करायला आला नाही. अपमान झाला, हे सांगायचं कारण. पण नकाशा उघडून बसा. सातपुड्यातून दख्खनेत उतरायची वाट या किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, आणि अहमदनगरची मोहीम चालू होती. मग खुद्द बहादूर अकबरासमोर हजर झाला. निंब तोडला गेला. वेढा उठला का? नाही. बहादूरला अडकवून ठेवलं आणि किल्ला जानेवारी १६०१ मध्ये घेऊनच अकबर परतला. खानदेशाचं नावही बदललं, दानियालच्या नावावरून दानदेश. किल्ला पडला कसा, यावर दरबारी लेखक साथीच्या रोगाकडे बोट दाखवतात आणि जेझुइट पाद्री लाचेकडे आणि विश्वासघाताकडे. चारशे वर्षं झाली तरी या दोन साक्षी जुळत नाहीत. पण किल्ला का हवा होता याबद्दल कोणी भांडत नाही, कारण ते वाटेवरून दिसतं.

(रावेर-यावलच्या केळीवाल्यांना २०२२ मध्ये यातलं काहीच नको होतं. केळीला पोटॅश लागतं, आणि जगातलं बरंच पोटॅश रशिया आणि बेलारूसमधून येतं. गोणी १७०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा एक बागायतदार मला म्हणाला, "त्याचा हेतू तुम्ही ठरवा, भाव कधी उतरेल तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

आता तुमच्या कामाचं. परीक्षेत किंवा वादविवादात पहिल्याला नाटोच्याच बाजूने बोलायचं असेल, तर त्याने पुतीन यांचा हेतू शुद्ध होता असं म्हणायच्या फंदात पडू नये. त्याने असं मांडावं: २००८ च्या अर्धवट वचनाने युक्रेनला ना आत घेतलं ना बाहेर ठेवलं, आणि ज्या शेजाऱ्याच्या मनात आधीच खोट होती त्याला दिवस धरायला संधी मिळाली. हे सिद्ध करता येतं. १९९४ चा बुडापेस्ट मेमोरँडम त्याला जोडावा. युक्रेनने अण्वस्त्रं सोडली आणि बदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी त्याच्या सीमा मानण्याचं आश्वासन दिलं, पण मोडल्यास सैन्यानिशी मदतीला येण्याचं बंधन कोणावर घातलं नाही. दुसरा उठून २०१० च्या कायद्याबद्दल विचारेलच. तेव्हा "तो कायदा टिकेल असा मॉस्कोला भरवसा नव्हता" एवढंच म्हणून थांबावं, पुढे बोललं की अडकाल.

दुसऱ्याने 'साम्राज्य' हा शब्द काढून टाकावा. फिनलंड विचारला की तो शब्द हातात राहत नाही. १२ जुलै २०२१ चा लेख, २४ फेब्रुवारीचं "व्यापणार नाही" आणि ३० सप्टेंबरचा समारंभ, हे तीन कागद तारखेच्या क्रमाने ठेवावेत आणि मध्ये स्वतःचं एकही विशेषण घालू नये.

आणि उद्यापासून एकमेकांशी बोला. टेबल एकच आहे.